मोरस आणि खाजणाची जमीन : प्रस्तावना

रोजच्या भरतीचे पाणी ज्या जमिनीपर्यंत पोहोचत नाही, पण उधाणाच्या दिवसांत जी हमखास भिजते, अशा जमिनीचा पट्टा कोकणातील बहुतेक खाड्यांच्या काठी आढळतो. तिवर आणि चिपी यांची झाडी संपते आणि खारभाताच्या शेताचा बांध सुरू होतो, त्या दोहोंच्या मधली ही उघडी जागा पावसाळ्यात चिखलाची आणि उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्या थराची असते. तिच्यावर जी मोजकी झाडेझुडपे तग धरतात, त्यांत आगरी आणि कोळी कुटुंबांच्या सर्वांत परिचयाचे झुडूप म्हणजे मोरस. भाजी म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेले आहे, मिठागरांच्या बांधांवर ते आपोआप वाढते, आणि तरीही मराठीत त्याच्याविषयी जे लिहिले गेले ते रानभाज्यांच्या याद्यांमधील दोन-चार ओळींपलीकडे क्वचितच गेले. याच काळात जगातील वनस्पतिशास्त्रज्ञ या झुडपाच्या कुळाकडे मिठाचा प्रश्न सोडवण्याची एक किल्ली म्हणून पाहत आले आहेत. स्वयंपाकघरातील ओळख आणि प्रयोगशाळेतील ओळख यांची एकमेकींशी भेट घडवणे, हा या ग्रंथामागील मूळ हेतू आहे.

मोरस हे नाव किनाऱ्यावर एकाहून अधिक जातींना दिले जाते. त्यांतील मुख्य जात म्हणजे सुएडा मॅरिटिमा. ती बहुधा एका वर्षात आयुष्य संपवते, पण तिचा बुंधा लवकर लाकडी होत असल्यामुळे दिसायला ती लहान झुडपासारखीच असते. दुसरी सुएडा न्यूडिफ्लोरा, जी खऱ्या अर्थाने बहुवर्षायू झुडूप आहे आणि बांधांच्या कडेने पसरत जाते. पाने चपटी नसून लांबट, गोलसर आणि मांसल असतात. बोटांत चिरडली की हिरव्या लगद्यापेक्षा पाणीच अधिक निघते आणि ते जिभेला खारट लागते. फुले हिरवी, इतकी बारीक की पानांच्या बेचक्यांत ती असल्याचे भिंगाशिवाय कळू नये. बी काळे आणि चकचकीत. पावसाळा सरून जमीन वाळू लागली की झुडपांवर तांबूस छटा चढते. हा रंग बीटमधल्या रंगद्रव्याच्याच गटातला आहे आणि त्यात नवल नाही, कारण बीट, पालक, चाकवत, माठ आणि राजगिरा ही सगळी मंडळी मोरसाच्याच कुळातली, म्हणजे आताच्या वर्गीकरणानुसार अमरँथेसी या कुळातली आहेत. महाराष्ट्राच्या ताटातील पालेभाज्यांचा मोठा भाग एकाच घराण्यातून आला आहे आणि त्या घराण्याची एक शाखा समुद्रकाठी जाऊन राहिली, असे म्हटल्यास मोरसाची ओळख पुरेशी नेमकी होते.

भाजी करण्याची पद्धत घरागणिक बदलते, पण तिचा गाभा सर्वत्र एकच आहे. लाकडी देठ टाकून कोवळे शेंडे तेवढे खुडून घ्यायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचे, पाला घट्ट पिळायचा आणि मग कांदा, लसूण, मिरचीच्या फोडणीवर तो परतायचा. कोठे त्यात भिजवलेली चणाडाळ पडते, कोठे जवळा किंवा सोडे. मीठ घालायचे नाही, किंवा चाखून पाहून शेवटी चिमूटभर घालायचे. उकळलेले पाणी टाकून देण्याच्या या पायरीला पाककृतींच्या पुस्तकांत जेमतेम अर्धी ओळ मिळते. मात्र पुढे येणारी शरीरक्रियाशास्त्राची सगळी चर्चा ध्यानात घेतली, तर या भाजीतील सर्वांत महत्त्वाची कृती तीच ठरते, कारण पानातील सोडियम आणि पाण्यात विरघळणारी ऑक्झलेटे यांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो.

ही खाद्यपरंपरा केवळ कोकणची नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर हीच वनस्पती गिरिया या नावाने शाक म्हणून शिजते आणि तमिळनाडूत उमरी या नावाखाली तिची व तिच्या नातलगांची भाजी होते. चीनमध्ये ल्याओ नदीच्या मुखाशी पानचिन येथे सुएडा साल्सा ही जात शरद ऋतूत मैलोन्‌मैल लाल होते आणि ते पाहायला पर्यटकांची रीघ लागते. त्या देशात तिचे कोवळे शेंडे खाल्लेही जातात. सर्वांत विलक्षण उदाहरण मेक्सिकोचे आहे. तेथे या प्रजातीची एक जात समुद्रापासून दूर, खाऱ्या सरोवरांच्या खोऱ्यात लागवडीखाली आली आणि नाताळात व लेंट या उपवासकाळात मोले नावाच्या दाट मसालेदार रश्श्यात शिजवली जाणारी रोमेरितोस ही भाजी राष्ट्रीय सणाचे अन्न बनली. बाजारात जुड्यांनी विकल्या जाणाऱ्या या भाजीला सुएडा एड्युलिस असे स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळायला मात्र 2013 साल उजाडावे लागले. ताटातील ओळख आणि शास्त्रातील नोंद यांच्यातले अंतर किती असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

शास्त्रीय नोंदींचा इतिहास लिनियसपासून सुरू होतो. त्याने 1753 मध्ये ही वनस्पती चाकवताच्या प्रजातीत घातली होती. सुएडा ही वेगळी प्रजाती पेटर फोर्सस्कोल याच्या नावाशी जोडलेली आहे. 1761 मध्ये डेन्मार्कहून अरबस्तानाकडे निघालेल्या मोहिमेतील हा निसर्गशास्त्रज्ञ 1763 मध्ये येमेनमध्ये मरण पावला आणि त्याच्या टिपणांवरून तयार झालेला ग्रंथ 1775 मध्ये कार्स्टेन नीबूर याने प्रसिद्ध केला. नीबूर हा त्या मोहिमेतून जिवंत परतलेला एकटाच सदस्य, आणि परतण्यापूर्वी त्याने मुंबईत वर्षाहून अधिक काळ मुक्काम करून घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे घेतली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्या बेटाभोवतीच्या चिखलात आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या प्रजातीची झुडपे उभी आहेत, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. सुएडा मॅरिटिमा हे आजचे नाव द्यूमॉर्तिए याने 1827 मध्ये रूढ केले. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे, तर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेली इलाख्याची वनस्पतिसूची आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट संशोधक एथेलबर्ट ब्लॅटर यांचा इलाख्यातील कांदळवनांवरचा 1905 चा निबंध, हे या विषयाचे दोन आधारस्तंभ. दोघांचाही भर जात ओळखण्यावर आणि तिचे स्थान नोंदवण्यावर होता. झाड खारात जगते कसे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता.

या वनस्पतीकडे पाहण्याची आणखी एक जुनी दृष्टी व्यापाराची होती, आणि ती आज जवळपास विसरली गेली आहे. सुएडा व तिच्या नातलग झुडपांची राख ही सोड्याची, म्हणजे सोडियम कार्बोनेटची, मोठी खाण होती. स्पेनमध्ये अशा राखेचा व्यापार बारिला या नावाने चाले आणि काच व साबण यांचे कारखाने तिच्यावर अवलंबून असत. सिंध व पंजाबात खारट माळावरची झुडपे खड्ड्यांत जाळून सज्जीखार काढला जाई, जो धोब्यांना, रंगाऱ्यांना आणि वैद्यांना लागे. आयुर्वेदातील स्वर्जिक्षार तो हाच. मराठी घरांत उडदाच्या पापडाला लागणारा पापडखारही याच परंपरेतला. फ्रान्समध्ये 1791 साली लब्लाँ याने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, पुढे सॉल्वे याची स्वस्त पद्धत आली आणि झुडपे जाळून क्षार मिळवण्याचा धंदा हळूहळू मोडला. त्यानंतर या वनस्पतींना कोणी गिऱ्हाईक उरले नाही, आणि खारट जमीन निरुपयोगी असते ही समजूत पक्की होण्यात या घटनेचाही वाटा असावा.

मिठात झाड जगते कसे, या प्रश्नाचे पहिले व्यापक उत्तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिले. त्यांच्या मते दलदलीतले झाड पाण्यात उभे असूनही तहानलेले असते, कारण खारे पाणी मुळांना ओढता येत नाही; या कल्पनेला शारीरक्रियात्मक शुष्कता असे नाव पडले आणि मांसल पाने हे त्या तहानेवरचे उत्तर मानले गेले. काकडीच्या फोडींना मीठ चोळले की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटते, त्याचे कारण परासरण, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाण्याचे वाहणे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात; अशा पाण्यात मुळे असलेल्या झाडाने गप्प बसायचे ठरवले, तर त्याचीही गत त्या काकडीसारखी होईल. शिंपरची मांडणी अर्धी बरोबर होती. प्रश्न पाण्याचा आहे हे त्यांनी ओळखले, पण झाड त्या मिठाला शत्रू मानते हे त्यांचे गृहीतक पुढे टिकले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. ऑस्ट्रेलियात ब्राउनेल आणि वुड यांनी 1957 मध्ये मोरसाच्याच कुळातील अ‍ॅट्रिप्लेक्स या झुडपाला वाढीसाठी थोडे सोडियम अत्यावश्यक असल्याचे दाखवले. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात टिमथी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर सुएडा मॅरिटिमा हीच आपली मुख्य प्रायोगिक वनस्पती केली, आणि मिठाविषयी आज जे ठामपणे सांगता येते त्याचा मोठा भाग त्या प्रयोगांतून आला. मोरस गोड्या पाण्यात उगवते, पण नीट फोफावते ती समुद्राच्या साधारण तिसऱ्या ते निम्म्या हिश्शाइतक्या खारटपणात. ती मीठ बाहेर रोखत नाही. आत घेते आणि पानांतील पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या मोठ्या कोठीत, साठवते. या साठ्यामुळे झाडातले द्रावण बाहेरच्या पाण्याहून दाट राहते आणि पाणी आत येत राहते. म्हणजे ज्या मिठाने इतर पिके मरतात, त्याच मिठाच्या बळावर हे झुडूप पाणी ओढते.

येथे संशोधकांना एक कोडे पडले, आणि या विषयाची खरी गंमत त्यात आहे. मोरसाची विकरे, म्हणजे पेशीतील रासायनिक कामे करणारी प्रथिने, मिठाला सरावलेली असतील अशी साहजिक अपेक्षा होती. 1970 च्या दशकाच्या आरंभी ती पेशींतून वेगळी काढून तपासली गेली, तेव्हा ती वाटाण्याच्या किंवा घेवड्याच्या विकरांइतकीच मिठाला नाजूक निघाली. झाड सोशिक, पण त्याची यंत्रणा नाजूक. याचा अर्थ मीठ आणि यंत्रणा यांना एकाच पेशीत एकमेकांपासून दूर ठेवण्याची सोय झाडाने केली असली पाहिजे. मीठ रिक्तिकेत कोंडले जाते आणि बाहेरच्या पेशीद्रवात तेवढाच दाटपणा राखण्यासाठी झाड ग्लायसिन बीटेनसारखी निरुपद्रवी संयुगे स्वतः तयार करते. 1977 मध्ये फ्लॉवर्स, ट्रोक आणि येओ यांनी या सगळ्याची जी एकत्र मांडणी केली, ती अजूनही या क्षेत्रातील प्रवेशद्वार मानली जाते. समुद्राच्या पाण्याच्या सुमारे दोन-पंचमांश खारटपणात जगून बीज धरणाऱ्या वनस्पतीला लवणप्रिय म्हणावे, ही आज सर्रास वापरली जाणारी व्याख्याही फ्लॉवर्स आणि कोल्मर यांच्या 2008 च्या लेखातली आहे. अशा वनस्पती जगातील एकूण सपुष्प वनस्पतींच्या साधारण एक टक्का भरतात.

सुएडा या सुमारे शंभर जातींच्या प्रजातीने प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासकांनाही चकित केले. सूर्यप्रकाशात हवेतील कार्बन पकडण्याच्या दोन मुख्य रीती आहेत: भात-गव्हाची साधी रीत आणि ऊस-ज्वारीची, उष्ण हवेत कमी पाण्यात काम भागवणारी रीत. कोकणच्या एकाच चिखलात वाढणाऱ्या दोन मोरसांपैकी सुएडा मॅरिटिमा पहिली रीत वापरते, तर सुएडा न्यूडिफ्लोरा दुसरी. दुसऱ्या रीतीला दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी लागतात, असे सर्व पाठ्यपुस्तके सांगत होती. 2001 मध्ये एलेना वोझ्नेसेन्स्काया आणि सहकाऱ्यांनी मध्य आशियातील वाळवंटी जातीत, जी आता सुएडा अ‍ॅरालोकॅस्पिका म्हणून ओळखली जाते, ही सगळी क्रिया एकाच पेशीत चालते असे दाखवले. भातात उसाची रीत आणण्याचे स्वप्न पाहणाऱ्या संशोधकांना त्यामुळे नवी वाट दिसली.

याच ज्ञानावर खाऱ्या शेतीचा विचार उभा राहिला, आणि त्याबाबत थोडे जपूनच बोलले पाहिजे. इस्रायलमध्ये बॉयको दांपत्याने खाऱ्या पाण्यावर झाडे वाढवण्याचे प्रयोग केले. कॅलिफोर्नियात इमॅन्युएल एपस्टाइन यांनी 1970 च्या दशकात समुद्राच्या पाण्यावर जव पिकवून दाखवला. अ‍ॅरिझोनातील एडवर्ड ग्लेन आणि सहकाऱ्यांनी सॅलिकॉर्निया या मोरसाच्या चुलतभावाला समुद्राच्या पाण्यावरचे तेलबीज म्हणून पुढे आणले. कराचीत सुएडा फ्रुटिकोसाच्या बियांतील तेलावर काम झाले. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने सॅलिकॉर्नियापासून वनस्पतिजन्य मीठ तयार केले. या प्रत्येक प्रयोगातून काहीतरी हाती लागले, पण वाळवंटे समुद्राच्या पाण्याने हिरवी होतील ही त्या काळातील घोषणा फळाला आली नाही. खारे पाणी पंपाने उचलण्याचा खर्च, जमिनीत साठत जाणारे मीठ आणि मुख्य म्हणजे पिकाला बाजार नसणे, या तीन अडचणी प्रयोगशाळेत दिसत नाहीत. मोरस भाताची जागा घेईल, असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील संशोधनाची परंपरा या गाजावाजापासून दूर राहिली. सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्र न दिसणाऱ्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जी. व्ही. जोशी यांनी खारवनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर आणि लीला भोसले यांनी महाराष्ट्रातील कांदळवनांवर काम केले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून अरविंद उंटवाले यांनी ते किनाऱ्याच्या व्यवस्थापनाशी जोडले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काळा रता, भुरा रता यांसारख्या स्थानिक खारभातांच्या वाटेने जात नवी वाणे दिली. मोरस या सर्वांच्या कामात कडेला येते, मध्यभागी कधीच येत नाही: कांदळवनाच्या अभ्यासकाला ती झाड म्हणून लहान वाटते आणि भाताच्या अभ्यासकाला तण.

ही कडेची जागा कायद्यातही दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांनी कांदळवनांना संरक्षण दिले, 2012 मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला, 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. हे सर्व आवश्यकच होते. परंतु तिवराच्या मागचा उघडा खारट पट्टा उपग्रहाच्या चित्रात हिरवा दिसत नाही, म्हणून भराव टाकणाऱ्याला तो रिकामा वाटतो, आणि वृक्षारोपण करणाऱ्यालाही. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत खारदलदलींची गणना सर्वाधिक संरक्षित वर्गात केली आहे. ही गोष्ट ठाऊक असणारे लोक कांदळवनाविषयी जागरूक असणाऱ्यांच्या तुलनेत थोडेच. नवी मुंबई, उरण, पेण, वसई आणि मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मिठागरे व खाजणे गेल्या अर्धशतकात ज्या वेगाने बंदर, रस्ते आणि वसाहतींखाली गेली, त्या वेगाने मोरस खुडण्याच्या जागाही गेल्या. ज्या उरल्या, त्यांच्या शेजारी अनेकदा सांडपाण्याचे नाले आहेत. सुएडा प्रजातीतील झुडपे चिखलातील जड धातूही ओढून घेतात. प्रदूषित जमिनीच्या शुद्धीसाठी त्यांचा विचार होतो तो याच गुणामुळे, आणि ठाणे खाडीसारख्या ठिकाणची भाजी खाताना दहादा विचार करावा लागतो तोही याच गुणामुळे.

दुसरीकडे समुद्राची पातळी वाढते आहे, उधाणात खारभूमीचे बांध फुटतात, एकदा खारे पाणी शिरलेले शेत पुन्हा भाताखाली आणणे अनेक कुटुंबांना परवडत नाही, आणि अशा सोडून दिलेल्या शेतात मोरस स्वतःहून येते. तिला नुकसानीची खूण मानायचे की त्या जमिनीचा पुढचा उपयोग, हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. त्यातच शहरी बाजारात रानभाज्यांना आलेले नवे प्रेम आहे. या प्रेमाचे स्वागत करतानाही दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा न उकळता कोशिंबिरीत घातलेली मोरस रक्तदाबाच्या रुग्णाला औषध म्हणून सुचवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. आणि भाजीची मागणी वाढून झुडपे मुळासकट उपटली जाऊ लागली, तर शेंडे खुडून झाड राखण्याची जुनी रीत पहिल्यांदा मोडेल.

या ग्रंथाची रचना या प्रश्नांभोवती झाली आहे. वर्गीकरण, शरीरक्रिया, खाद्यपरंपरा आणि जमिनीचा कायदा यांवरील लेखन येथे एकत्र आणले असले, तरी कोणताही भाग स्वयंपूर्ण कोश असल्याचा दावा करत नाही. विशेषतः शरीरक्रियेचा भाग महाविद्यालयीन विज्ञान न शिकलेल्या वाचकालाही कळावा म्हणून मुद्दाम सावकाश लिहिला आहे, आणि ज्यांना तो आधीच ठाऊक आहे त्यांनी तो ओलांडून जावे. खाद्यपरंपरेच्या भागात पाककृतींबरोबर त्यांतील प्रत्येक पायरीचे रासायनिक कारण दिले आहे, कारण उकळलेले पाणी ओतून देणाऱ्या बाईचे ज्ञान आणि रिक्तिकेतील सोडियम मोजणाऱ्या संशोधकाचे ज्ञान एकाच वस्तूविषयी आहे, ही ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका आहे. स्थानिक नावे एका जातीपुरती बांधून न टाकता ज्या तालुक्यात जशी वापरली जातात तशी ठेवली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी शास्त्रीय नाव सोबत दिले आहे. खुडण्याच्या जागांचे नकाशे मात्र यात मुद्दाम घातलेले नाहीत: उरलेल्या जागा थोड्या आहेत, आणि त्या ज्यांना माहीत असायला हव्यात त्यांना त्या माहीत आहेत.